रद्द झालेल्या जागा

भट्टीच्या आतली कमान ढासळली आणि दोन विटा सरळ पावाच्या ट्रेवर पडल्या. मी लांब दांड्याच्या फळीने ट्रे बाहेर ओढला. मालक धावत आले. त्यांनी पाव बघितले, विटा बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं, जणू मीच आत शिरून त्या पाडल्या होत्या.

"विझवा," ते म्हणाले. "गवंड्याला आत उतरता येईल एवढी थंड व्हायलाच उद्याची संध्याकाळ होईल. आता सोमवारीच या सगळे."

आमच्या बेकरीत सुट्टी अशीच मिळते. भट्टी पेटलेली असेपर्यंत भट्टीवाल्याला सुट्टी नाही, आणि भट्टी काही सांगून बिघडत नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून आम्ही नवराबायको जिथे जिथे फिरायला गेलो, ते आदल्या दिवशी ठरवूनच गेलो.

ठरवायची ती. बसस्टँडजवळ, गावाच्या दुसऱ्या टोकाला, सहली नेणाऱ्याचं एक छोटं ऑफिस आहे. भट्टी बिघडली की ती तिथे फोन लावायची. "कुणी रद्द केलंय का रे?" असं विचारायची. कुणाचं पोर आजारी पडलेलं असायचं, कुणाची रजा नामंजूर झालेली असायची. त्या जागा ती निम्म्या पैशात मागायची. तो बसवाला कुरकुर करायचा. मग ती म्हणायची, "रिकामी खुर्ची तुला काय भाडं देणार आहे?" तो हसायचा आणि द्यायचा. आम्ही डोंगर बघितले, समुद्र बघितला, एकदा तर एक धरण बघून आलो, कारण त्या दिवशी धरणाचीच जागा सुटली होती. कुठे जायचं हे आम्ही कधी निवडलंच नाही. दुसऱ्याने सोडलं ते आमचं.

फोनवर भांडता भांडता ती त्याची ताई झाली आणि मी दाजी झालो. तिला बस लागते हे त्याला पाठ होतं. चाकावरची जागा तो तिला कधी द्यायचा नाही. खिडकी तिची, बाजूची माझी.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. बसवाल्याला माहीत नाही.

मी मुद्दाम लपवलं असं नाही. तिचा फोन मी चार्ज करून ठेवतो. त्यावर कंपनीच्या जाहिराती येतात आणि मधून मधून बसवाल्याचा फोन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी उचलला. "ताई कुठे आहेत?" त्याने विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेर गेलीय." फोन ठेवला आणि त्या संध्याकाळी मी दोनदा दाराकडे बघितलं. मला बरं वाटलं होतं. पुढच्या वेळी ती आंघोळीला गेली होती. त्याच्या पुढच्या वेळी शेजारी. बाकी सगळे माझ्याशी बोलताना आवाज खाली आणतात, वाणीसुद्धा. हा एकटाच माझ्याशी पूर्वीसारखा मोठ्याने हसून बोलायचा.

बेकरीतून निघताना पीठ मळणारा लंबू माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. लंबू म्हणजे उंचीला माझ्या खांद्याएवढा. नाव कुणी ठेवलं देव जाणे.

"कुठेतरी जा," तो म्हणाला. "घरात बसशील तर भिंती खायला उठतील."

"बघतो."

"बघतो काय? तू बघतो म्हणालास की घरी जाऊन झोपतोस."

घरी गेलो. चहा ठेवला आणि नेहमीसारखा दोन कप ठेवला गेला. एक प्यायलो, दुसरा गार झाल्यावर प्यायलो. मग मी तिचा फोन घेतला. त्यात बसवाल्याचा नंबर तिने 'भाऊ बस' या नावाने ठेवला आहे.

"अरे दाजी! आज तुम्ही स्वतः? ताईंनी कामाला लावलं वाटतं!"

"भट्टी ढासळली," मी म्हणालो.

"वा! म्हणजे लॉटरीच की! ऐका, तळ्याकाठी दोन रात्री, जेवणासकट. उद्या सकाळी बस. आताच एकाने रद्द केलं, सासरे पडले म्हणे त्याचे. दोनच ना?"

मी समोरच्या दोन रिकाम्या कपांकडे बघितलं.

"दाजी? दोनच ना?"

"दोनच," मी म्हणालो.

"ताईंना सांगा, चाकावरची नाही. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत येऊन तिकिटं न्या."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. उद्या सकाळी बसच्या दारात तो स्वतः उभा असतो, यादी घेऊन. एकेकाला नावाने चढवतो.

मी मुलीला फोन लावला. ती औषधांच्या दुकानात कामाला असते, जावई बाहेरगावी असतो.

"उद्या? बाबा, असं एकदम कशी येऊ? दुकानात मालाची मोजणी आहे." मग ती थांबली. "पण दोन तिकिटं कशाला काढलीत?"

"जोडीने स्वस्त पडतात."

"बाबा."

"काय?"

"तुम्ही त्या माणसाला सांगितलंच नाहीत ना?"

मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. तिने त्याला थांबायला सांगितलं.

"मला कुणी आईबद्दल विचारलं की मी सांगते," ती म्हणाली. "पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दुकानाच्या मागे जाऊन रडले. आता सांगते. तुम्ही पण सांगा. नाहीतर जाऊच नका, पण हे असं करू नका."

मग लंबूला फोन केला. तो लगेच तयार झाला. बायकोला विचारलंसुद्धा नाही त्याने.

"येतो की! पण खिडकी मला लागणार."

"खिडकी तिच्या नावावर आहे," मी म्हणालो. "म्हणजे बसवाल्याला वाटतंय की ती येणार आहे."

"मग मिशी काढून येऊ का?" त्याने विचारलं.

मला हसू आलं. हसता हसताच मी फोन ठेवून दिला. लंबू आला असता. पण खुर्ची कोण भरणार हा प्रश्नच नव्हता. जगात एक माणूस असा होता ज्याच्या लेखी ती अजून घरी होती, आंघोळ करत होती, शेजारी जात होती. त्याला एकदा सांगितलं की ती तिथेही उरणार नव्हती.

संध्याकाळी मी ऑफिसात गेलो. बसवाला एकटाच होता. कॅल्क्युलेटरच्या बटणांवरची धूळ फुंकत होता. मला बघून उठला आणि खणातून आवळ्याच्या सुपारीची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"ही ताईंना. वाटेत घाटाची वळणं खूप आहेत. आणि त्यांना म्हणावं, या वेळी भाव न करता घेतलंत, तब्येत बरी आहे ना?"

त्याने गंमत केली होती. मी खुर्चीत बसलो.

"एक तिकीट रद्द कर," मी म्हणालो.

"का? ताई नाही येत?"

"ती गेली."

"कुठे?" तो म्हणाला, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच खाली बसला. "कधी?"

मी सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याच्या कपाळावर आठी चढली.

"परवा फोन केला तेव्हा शेजारी गेल्या होत्या ना?"

"हो."

"आणि त्याच्या आधी आंघोळीला?"

"हो."

"म्हणजे मी वर्षभर कुणासाठी खिडकी राखून ठेवत होतो, दाजी? रोज सुटलेली जागा बघून पहिल्यांदा ताईंची आठवण काढायचो. मला सांगायचं नाही? लांबचा का होईना, भाऊ म्हणायच्या मला." त्याचा आवाज चढला होता. त्याने खाली आणला नाही. मला त्याचं बरंच वाटलं.

"सांगायला जमलं नाही," मी म्हणालो.

तो बराच वेळ पुडी बोटांनी फिरवत बसला. मग त्याने यादी ओढली आणि तिच्या नावावर एक रेघ मारली. सावकाश मारली.

"तुम्ही जाणार ना?" त्याने विचारलं.

"जातो."

"जा. ती जागा मी कुणालातरी देतो. रात्रीपर्यंत कुणाचा ना कुणाचा फोन येईल."

पुडी त्याने परत खणात ठेवली नाही. मी ती खिशात घातली.

सकाळी बसच्या दारात तोच होता. त्याने माझं एकट्याचं नाव वाचलं. मी चढलो आणि माझ्या नेहमीच्या जागी बसलो, वाटेकडच्या. बस भरत गेली. मागे एक आजी, पुढे कॉलेजच्या चार पोरी, त्यांच्या खाण्याच्या पिशव्या. खिडकी रिकामीच राहिली. बस सुटली.

गाव मागे पडलं तेव्हा माझ्या खिशात तिचा फोन वाजला. 'भाऊ बस'. त्या फोनवर कुणी माझ्यासाठी फोन करायची ही पहिलीच वेळ.

"नीट बसलात ना, दाजी?"

"बसलो."

"बाजूची रिकामी आहे का?"

"रिकामी आहे."

"कुणाचाच फोन आला नाही हो," तो म्हणाला. "ऑफिस बंद करूनसुद्धा बसून राहिलो होतो. इतक्या उशिरा कोण करणार? त्या वेळेला एकट्या ताईच करायच्या."

त्याच्या बाजूने एक हॉर्न ऐकू आला. "परत आलात की या ऑफिसात," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

घाट लागला. माझ्याही नकळत मी हात लांब करून खिडकीची काच सरकवली होती. वळणं सुरू झाली की तिला वारा लागायचा. गार हवा आत शिरली.

"अहो, ती काच लावा की," मागून आजी ओरडल्या. "कान दुखायला लागले माझे."

"लावतो," मी म्हणालो.

उघडताना सहज सरकलेली काच आता अडकली. बसल्या जागेवरून जोर पुरेना. मला सरकून खिडकीपाशी जावं लागलं. दोन्ही हातांनी जोर लावून मी ती लावली. खाली दरीत एक नदी दिसत होती, बारीक. मी तिथेच बसून राहिलो.