कापसाच्या फेसातलं आरमार

जरा जवळ सरकून बसा, मायबाप. टाळ खाली ठेवा आणि कान इकडे द्या. समुद्रापासून कितीतरी लांब, आपल्या पुसदच्या धरणात आरमार कसं लढलं, त्याची कथा ऐकवतो.

कापसाला कुणी विचारत नव्हतं, त्या सालांतली ही गोष्ट. अशात मुंबईची सिनेमा कंपनी धरणावर उतरली. खांदेरीची लढाई काढायची होती. महाराजांची चिमुकली गलबतं आणि इंग्रजांची धिप्पाड जहाजं. खरा समुद्र सांगितल्यावर थांबत नाही, म्हणून धरण.

पंप दुरुस्त करणाऱ्या मन्सूर मिस्त्रीला गलबतांची इंजिनं सांभाळायला घेतलं. त्याची दाढी पाहून डायरेक्टरनं आरमाराचा सरदार दौलतखानही त्यालाच केलं. मन्सूर हरखला. लहानपणी आई कमरुन्निसाचा पदर धरून तो बबनरावबुवांच्या कीर्तनाला मंडपाच्या कडेला बसायचा. उत्तररंगातल्या आख्यानात खांदेरी लागली की बुवा चिपळ्या थांबवून विचारत, "गलबतांच्या म्होरं उभा कोण?" आणि अख्खा मंडप गरजायचा, "दौलतखान!" त्यात कमरुन्निसाचा आवाज सगळ्यांच्या वर. आता तिची नजर गेली होती, कान तेवढे शाबूत होते.

"दिसत नाही तं नाही रे," ती म्हणाली, "पण सिनेमात ते नाव येईन ना? तेवढं ऐकव मले."

"ऐकवतो, अम्मी."

पण मग हिरो आला. कागद वाचून म्हणाला, "माझ्या पुढे उभा राहणारा हा कोण?" झालं! दौलतखान कटला. आता 'रणझुंजार' नावाचा एकटा वीर घोड्यावर बसून गलबतात शिरणार, इंग्रजांचा तोफगोळा तलवारीनं मधोमध चिरणार, आणि गोऱ्या कप्तानाची लेक त्याच्यावर भाळून डोलकाठीभोवती नाचणार.

"साहेब," मन्सूरनं विचारलं, "मंग दौलतखान त्या दिवशी कुठं गेलता?"

"मिस्त्री, इतिहास लांब असतो, पिक्चर अडीच तासांचं. तू दाढी काढ, इंग्रज हो. हिरोची लाथ खा आणि पाण्यात पड."

"दाढी नाही काढत, साहेब. इंजिनच चालवतो."

समुद्राला फेस हवा, म्हणून कंपनीनं ट्रॉल्या भरभरून कापूस पाण्यात ओतला. तासाभरात तो भिजून तळाला बसला. "घ्या," बुवा म्हणाले, "समुद्रालेही आपला कापूस पेलला नाही!" बुवाही पगडी बांधून गलबतात मावळे झाले होते. मावळे सगळे मंडपातलेच.

घोड्यानं गलबतात लीद टाकली, ती झाकून कॅमेरा लागला. हिरोनं तलवार उपसली. "या आरमाराचा वाघ कोण?" आणि तो थांबला. त्याचं थांबणंच म्हणे लोकांना आवडतं. मावळ्यांनी 'रणझुंजार' म्हणायचं होतं.

"दौलतखान!" धरण दुमदुमलं.

"कट!"

पुन्हा तेच, त्याच्यापुढेही तेच. डायरेक्टर भडकला. "मुद्दाम करता का?"

"नाही हो," बुवांनी हात जोडले. "आमची जुनी सवय. इचारणारा थांबला का तोंड आपोआप उघडते. तुमच्या हिरोले म्हणा, थांबू नको."

हिरो थांबणं सोडेना. शेवटी डायरेक्टर म्हणाला, "ओरडा काय ओरडायचं ते. आवाज मुंबईत बदलू."

मन्सूरनं इंजिन बंद केलं. अम्मीला आता काय सांगायचं?

सिनेमा पुसदला लागला. सारा मंडप टॉकीजमध्ये. कमरुन्निसा मन्सूरचा हात धरून बसली. तोफगोळा चिरला गेला, कप्तानाची लेक नाचली. मग हिरोनं तलवार उपसली. "या आरमाराचा वाघ कोण?"

तो थांबला.

पडद्यावरचे मावळे काय ओरडले, ते कुणालाच कळलं नाही. खुर्च्यांमधून असा "दौलतखान!" उठला की भोंगे बुडाले. कमरुन्निसाचा आवाज सगळ्यांच्या वर.

"आलं रे नाव!" तिनं मन्सूरचा हात दाबला. "मुंबईवाल्यांनी सिनेमा मोठा इमानदारीचा काढला."

मन्सूरनं तिचा हात नुसता धरून ठेवला.

मायबाप, विठ्ठल त्या डायरेक्टरचंही भलं करो. पण पडद्यावर समुद्र आला आणि कुणी हिरो असा थांबला, तर तेवढ्या जागेत दौलतखानाची आठवण ठेवा.