चालणाऱ्यांची खिडकी

खिडकीजवळच्या दोन खाटा चालत्याफिरत्या पेशंटना, आणि ऑपरेशन ताजं असेल ते दाराशी, सिस्टरच्या टेबलासमोर. वॉर्डातली ही पद्धत सिस्टरनेच घालून दिली होती. कुणाचा रक्तदाब कोसळला तर लगेच धावता यावं, एवढाच हेतू. तो चुकीचा नव्हता.

म्हणून तिच्या मोठ्या जाऊबाई खुब्याचं हाड मोडून आल्या, तेव्हा त्यांनाही दाराशीच खाट मिळाली. समोर पिवळट भिंत. खिडकी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. तिच्याबाहेर झाडांचा उतार आणि खाली तळं.

"मला तिकडे टाक की गं," ऑपरेशननंतर जरा हुशारी येताच जाऊबाई म्हणाल्या.

"ताई, तिथे चालणारे पेशंट असतात."

"म्हणजे आधी चालायचं, मग झाड बघायचं? जेवणाचंही तसंच का तुमच्याकडे? आधी पोट भरा, मग ताट?"

सिस्टरला हसू आलं. "तिथे तुमच्यावर माझी नजर राहणार नाही."

"आणि इथे मी काय बघू? तुझं तोंड? ते तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघतेय."

तेव्हा, रात्रपाळी करणारी सून म्हणून घरात धुसफूस चालायची, त्या काळात तिची बाजू लावून धरली होती ती याच जाऊबाईंनी. त्यांच्या सेवेत कसूर होऊ द्यायची नाही, असं सिस्टरने मनाशी ठरवलं होतं. ती येता-जाता नाडी बघायची, उशी सारखी करायची.

पण जाऊबाई उठेनात. फिजिओथेरपीवाली आली की म्हणायच्या, "उठून जाऊ कुठे? दारापर्यंत? तिथे औषधांची ट्रॉली असते, बघितलीय मी." जेवण अर्धं राहायचं. दुखत असेल म्हणून सिस्टरने डॉक्टरांना सांगून गोळी वाढवून घेतली. जाऊबाई आणखी झोपू लागल्या.

खिडकीपाशी एक शिंपीणबाई होत्या. त्या तिथून ओरडून सांगायच्या, "आला हो ताई तुमचा बगळा! आज मासा गावला नाही वाटतं, तोंड पाडून बसलाय." जाऊबाई डोळे मिटून ऐकायच्या, गालात हसायच्या. सिस्टरने ते हसू पाहिलं आणि नाडी मोजून ती पुढच्या खाटेकडे गेली.

शिंपीणबाई घरी गेल्या. "आता तरी?" जाऊबाईंनी विचारलं.

"ताई, नियम मोडून जावेला खाट दिली म्हणतील. चालायला लागा, लगेच देते."

जाऊबाईंनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. पडून पडून छातीत कफ साठला, ताप चढला, न्यूमोनिया झाला. त्यातून त्या वाचल्या खऱ्या, पण अंगात काही उरलं नाही. तेव्हा कुणाला न विचारता सिस्टरने स्वतः त्यांची खाट ढकलत खिडकीशी नेली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी चहा मागून घेतला. मग एका सकाळी सिस्टर पाहते तर जाऊबाई खाटेच्या कडेला बसलेल्या, पाय खाली सोडलेले, दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरलेली. पाय थरथरले आणि त्या मागे कलंडल्या. सिस्टरने धावत येऊन सावरलं.

"अहो, हे काय करताय?"

"या चौकटीआड तळ्याचा कोपरा दिसत नाही. म्हटलं, उभं राहून बघावं."

फिजिओथेरपीवालीने दोन्ही मांड्या दाबून पाहिल्या. "हीच उमेद आधी असती तर..." ती म्हणाली आणि सिस्टरकडे बघून थांबली. मग हळूच म्हणाली, "आता चाकाची खुर्चीच. स्नायू फार गेलेत."

जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या. ऐकलं की नाही, कळलं नाही. जरा वेळाने त्यांनी खाटेवर हात थोपटला.

"बस गं इथे घटकाभर. या खोलीत इतकी वर्षं काढलीस, कधी बघितलंस तरी का ते?"

सिस्टर बसली. जाऊबाई बोटाने दाखवत राहिल्या, हे झाड, ती पायवाट, तो बगळा. ती "हो, हो" म्हणत गेली. तिला दिसत होते ते चादरीखालचे काटकुळे पाय.