सायकलीपुरता बांध

नितीन सायकलीला पार विटला होता. उधव्याच्या पाड्यावरून तलासरीच्या गॅरेजात जायचं, दिवसभर ट्रकांखाली आडवं व्हायचं आणि मोडलेली पाठ घेऊन पुन्हा पॅडल मारत परतायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. एवढं करून घरी काय, तर ओट्यावर बसलेला बाप मान वर करून म्हणणार, "आलास?" हा म्हणणार, "आलो." संपलं बापलेकाचं बोलणं. या एका शब्दासाठी रोज एवढा रस्ता तुडवायचा का, असं त्याला वाटायला लागलं होतं.

गॅरेजातला संदीप तलासरीतच खोली घेऊन राहायचा. "ये माझ्याकडं राहायला," तो म्हणाला. "तू रस्त्यात घालवतोस तेवढ्या वेळात माणूस वेल्डिंग शिकून मोकळा होईल." बोलणं खोटं नव्हतं. भातलावणीच्या दिवसांत नितीननं घरी सांगून टाकलं, सोमवारपासून तिकडंच राहीन, रविवारी येत जाईन.

आई, बुधीबाई, चुलीपुढून हललीच नाही. बाप सुकऱ्या मात्र लगेच म्हणाला, "जा की. जिवाला आराम पडेल." इतक्या पटकन म्हणाला, की नितीनला लागलंच. थोडं अडवलं असतं तर काय बिघडलं असतं?

रविवारी तो कपडे भरत होता, तेव्हा बाप खाली शेतात कुदळीनं बांध तासत होता. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा हा बांध म्हणजे पाड्याच्या थट्टेचा विषय. बाकीच्यांचे बांध पाऊल मावेल एवढे, सुकऱ्याचा मात्र बैल लोळेल एवढा. गेल्या वर्षी खुद्द नितीननंच चिडवलं होतं, "बाबा, तुझी कुदळ म्हातारी झाली. भात बांधानंच खाल्लं." सुकऱ्या नुसता हसला होता.

"उशिरा का होईना, अक्कल आली," नितीन आता आईला म्हणाला. "बांध बारीक करतोय."

बुधीबाईचं डोकंच फिरलं. "अक्कल तुला नाय, मेल्या! कामाला लागलास तवा ओढ्याकडून वळसा घालून यायचास. तुझी सायकल सरळ दारात यावी म्हणून त्यानं बांध रुंद केला. भाताच्या ओळी सोडल्या, लोकांत हसं झालं, पण तोंडातून शब्द नाय काढला. आता रोज सायकल येणार नाय, मग लावतोय तिथं भात."

नितीनला एकदम भरून आलं. वर्षभर तो त्याच बांधावरून येत होता, आणि बाप बोलत नाही म्हणून मनात कुढत होता.

तो तसाच चिखलात उतरला आणि त्यानं बापाच्या हातातली कुदळ धरली.

"राहू दे बांध."

"अरे, तिकडं वेळ वाचेल तुझा," सुकऱ्या म्हणाला.

"वाचवून कुणाला देऊ?"

सुकऱ्यानं कुदळ सोडली. तासलेली माती दोघांनी परत चढवली आणि पायांनी तुडवून घट्ट केली.

सोमवारी संध्याकाळी नितीननं चढावर सायकल ढकलली, खड्ड्यांना शिव्या घातल्या. पाठ काही कमी दुखली नाही. बांधावर वळला तर ओल्या मातीत चाक रुतलं. बघतो तो, बाप ओट्यावरून उठून बांधाच्या मध्यापर्यंत आलेला.

"आलास?"

"आलो, बाबा."

नितीन उतरला आणि सायकल हातात धरून बापाबरोबर चालू लागला. बांध दोघांना पुरला.