गंज कशावर चढतो

सासूला आणखी एकदा मारता येणार नाही, साइटवाले आता विचारतील, असं सुरेंद्र म्हणाला तेव्हा कुठं दामिनीला कळलं, की आपली आई आजवर तीनदा मेलेली आहे.

ताराबाई तिकडं गावी धडधाकट होती. पहाटे नवऱ्याबरोबर तलावावर जाऊन मासळी आणत होती, बाजारात बसून विकत होती आणि धाकट्या पिंटूच्या लग्नासाठी घर सारवत होती. इकडं ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये जावयानं खुर्चीतून न उठता तिचे अंत्यविधी उरकले होते.

त्याचं असं झालं. वीजकेंद्रातल्या नोकरीत सुरेंद्रचं डोकं कधी खर्ची पडलं नव्हतं, त्यामुळं ते सगळं शिल्लक होतं. घरी कॉम्प्युटर आला, टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं आणि त्या शिल्लक डोक्याला लिलावाची एक साइट सापडली. वस्तूचा फोटो लावायचा, मुदत द्यायची, देशभरातले लोक घरबसल्या बोली लावणार आणि शेवटची बोली ज्याची, त्याची वस्तू. ‘दुकान नाई, गल्ला नाई, बसल्या जागी धंदा,’ असं तो कंपनीच्या बसमध्ये ज्याला त्याला सांगत सुटला. लोक ऐकून घेत, कारण चालत्या बसमधून उतरता येत नाही.

धंदा तरी कसला? सूरजागडकडून कुणीतरी आणलेला लोखंडी दगड त्यानं ‘आकाशातून पडलेला’ म्हणून मांडला. माजरीच्या कोळशाचं ढेकूळ ‘हिरा होण्याच्या बेतात असलेला दगड’ म्हणून नाशिकच्या एका भोळ्या माणसाच्या गळ्यात बांधलं. घेणाऱ्यानं तक्रार केली की उत्तर ठरलेलं: फोटो दाखवला होता, डोळे तुमचे तुम्ही आणायचे. आणि बोली मनासारखी चढली नाही, की सौदा मोडायचा. मोडायला साइट कारण विचारायची. सुरेंद्र लिहायचा, ‘सासू वारली, घरात सुतक आहे.’ साइटवाले हळहळायचे, सौदा रद्द व्हायचा आणि आठवड्याभरानं तोच दगड पुन्हा आकाशातून पडायचा.

दामिनीला नवऱ्याची किळस यायची, हे सरळच सांगितलेलं बरं. ती दुर्गापूरच्या एका शाळेत चौथीला शिकवायची. दिवसभर पोरांना खरं बोलावं म्हणून सांगायचं आणि संध्याकाळी या माणसाला भाकरी वाढायची, याची तिला लाज वाटे. पोरं निदान चुकली तरी प्रामाणिकपणे चुकत. दरवर्षी विज्ञानाच्या पेपरात रिकामी जागा यायची, ‘____ वर गंज चढतो.’ पुस्तकातलं उत्तर, लोखंडावर. अर्धा वर्ग लिहायचा, चुलीवर. बिचाऱ्यांचं तरी काय चुकलं? पुस्तक लिहिणारे तिकडचे, पुण्याकडचे. इकडं लोखंडाला चढतो तो जंग आणि गंज म्हणजे भात शिजवायचं मोठं उभं भांडं. ते चुलीवरच चढणार. दामिनी हसायची आणि अर्धा गुण देऊन टाकायची.

तसा एक गंज ताराबाईचा होता. पितळेचा, दोन्ही अंगांना लोखंडी कड्या, आत चौथीतलं पोर मांडी घालून बसेल एवढा. ढिवरपुऱ्यात, म्हणजे गावातल्या मासेमारांच्या वस्तीत, लग्न कुणाचंही असो, भात त्यातच शिजायचा. सोयरीक जमली की लोक तारीख धरायच्या आधी ताराबाईच्या दारात येत आणि विचारत, “काकी, गंज मोकळा हाय काय?” गंज दुसऱ्या मांडवात गेलेला असला, तर मुहूर्त पुढं सरके. आता लग्न तिच्या स्वतःच्या पोराचं आणि नेमकी कल्हई उडालेली. गावात कल्हईवाला येईनासा झाला होता, म्हणून गंज बसच्या टपावर बसून लेकीकडं आला. कल्हई झाली. दामिनीनं तो चिंचेनं घासून लखलखीत केला आणि पलंगाशेजारी ठेवला. शुक्रवारी आई न्यायला येणार होती, रविवारी लग्न.

दामिनी शाळेत गेली आणि सुरेंद्रनं त्याचा फोटो काढला. खाली लिहिलं, ‘गोंड राजाच्या मुदपाकखान्यातलं पितळी भांडं. चकचकीत. एकमेव.’

तिला हे कळलं ते बुधवारी, सौदा झाल्यावर. पलंगाशेजारची जागा रिकामी होती.

“माझ्या मायचा गंज तुमी कोणाले विचारून विकला?”

“विकला नाई, बोली लागली,” सुरेंद्र म्हणाला. तो खुशीत होता. “पुण्याचा माणूस हाय. नाव लावते ‘पितळप्रेमी’. असा गिऱ्हाईक नशिबानं भेटते.”

“रद्द करा.”

“आपुन कारणाशिवाय रद्द केला तं आपल्या नावापुढं लाल शेरा लागते. दोन लागले. तिसरा लागला का दुकान बंद. आन् सासूले आता आखीन मारता येत नाई, साइटवाले इचारतीन.”

मग त्यानं तीन मरणांची हकिगत सांगितली आणि सांगताना तो हसत होता. दामिनी हसली नाही. तिला वाटलं, या माणसाला शिव्या द्यायच्या तर त्यासाठीही जवळ जावं लागेल, आणि तेवढीही तिची इच्छा नव्हती.

“पिंटूचं लग्न हाय,” ती म्हणाली. “साऱ्या पुऱ्याचे लोक त्या गंजातला भात खाऊन मोठे झाले. माय दारात येऊन उभी राह्यली तं मी का सांगू?”

“जर्मनचा, ॲल्युमिनियमचा घेऊन देऊ ना. हलका राह्यते. म्हाताऱ्या माणसाले उचलाले बरा.”

गंज घरात असता तर तिनं तो डोक्यावर घेऊन रातोरात गाव गाठलं असतं. पण सुरेंद्र तेवढ्यापुरता हुशार होता. त्यानं तो पोत्यात शिवून चंद्रपूरच्या कुरियरवाल्याकडं टाकला होता. पुण्याहून पैसे भरले गेले की माल निघणार होता आणि पावती याच्या खिशात होती. पावतीशिवाय कुरियरवाला कुणाला दोरीसुद्धा देत नव्हता. म्हणजे आता पुणेकरानं स्वतःहून नको म्हटलं, तरच गंज वाचणार होता, आणि पितळप्रेमी माणूस असल्या पितळेला नको कशाला म्हणेल?

रात्रीची भांडी घासून ती बाहेर आली, तर सुरेंद्र पडद्यासमोर फणफणत होता. पुण्याहून निरोप आला होता, इंग्रजी अक्षरांत मराठी. ‘पैसे भरण्याआधी एक विचारतो. फोटोवरून नीट कळत नाही. गंज आहे का? स्पष्ट लिहावे.’

“गंज हाय काय म्हंते!” सुरेंद्र म्हणाला. “नाई तं का घमेलं हाय? फोटो देला, माप देलं, तरी इचारून राह्यला गंज हाय काय म्हणून. ह्या पुण्याच्या लोकाईले कशाचाच भरोसा नाई.”

दामिनीनं निरोप पुन्हा वाचला. तिच्या डोळ्यांसमोर चौथीचा पेपर आला. पुण्याचा माणूस पुस्तकातला गंज विचारत होता आणि तिचा नवरा चुलीवरचा गंज ऐकत होता. संध्याकाळपासून या घरात तिनं ‘गंज, गंज’ म्हणून त्याचं डोकं उठवलं होतं. त्याच्या कानात दुसरा अर्थ शिरायला जागाच उरली नव्हती. एका वाक्यात तिला ते सांगता आलं असतं. पण तीन वेळा मेलेल्या आईची तिला आठवण झाली आणि तिनं स्टूल पुढं ओढलं.

“तुमी एका बोटानं किती वेळ बडवत बसान?” ती म्हणाली. “सांगा, मी लिहिते.”

सुरेंद्रला हे फार आवडलं. पाठीमागं हात बांधून तो खोलीत फिरू लागला, जणू साहेबच. “लिही. शंका घेऊ नका. शंभर टक्के गंज आहे.”

दामिनीनं लिहिलं.

“वरपासून बुडापर्यंत गंजच आहे. तीन पिढ्यांपासून गंज आहे. लिहिलं? एवढा गंज तुम्हाला साऱ्या पुण्यात पाहायला मिळणार नाही. नको असेल तर खुशाल रद्द करा, दुसरे दहा जण रांगेत आहेत.”

रांगेत कुत्रं नव्हतं. दामिनीनं तेही लिहिलं. आपल्याकडचं एक अक्षर घातलं नाही, त्याचं एक अक्षर गाळलं नाही.

“काई चुकलं काय? तू मास्तरीण हाय, पाहून घे.”

“नाई,” ती म्हणाली. “पैल्यांदाच तुमी गंजाबद्दल सारं खरं लिहिलं.”

“मंग! खरं बोललं का वजन पडते,” असं म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं निरोप धाडला.

वजन सकाळी पडलं. पितळप्रेमीनं लिहिलं होतं, ‘कड्यांना थोडासा गंज असेल, अशी शंका होती म्हणून विचारले. आपण तर वरपासून बुडापर्यंत गंज असल्याचे, म्हणजे भांडे पितळेचे नसून लोखंडाचेच असल्याचे कबूल करता आणि वर त्याचा अभिमान मिरवता! चकचकीत म्हणून गंजका माल खपवणारे पुष्कळ पाहिले, इतका निर्लज्ज नाही पाहिला. सौदा रद्द. साइटकडे तक्रार केली आहे.’

सुरेंद्रनं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि डोक्याला हात लावला. “हा पागल हाय काय? म्हंते, कड्याईले गंज! अरे बावा, गंजाले कड्या असतात, कड्याईले गंज कसा असन? आन् गंज हाय म्हणलं तं म्हंते गंज हाय म्हणून नको!”

त्यानं साइटला खुलासा पाठवला. खुलाशात गंज या शब्दाची आणखी खैरात केली आणि आपल्या गंजासारखा गंज जिल्ह्यात नसल्याचं शपथेवर लिहिलं. साइटवाल्यांनी उत्तर दिलं की हा खुलासाच कबुलीजबाब धरला आहे, जुन्या तक्रारीही पाहिल्या आहेत, आपलं दुकान बंद करण्यात येत आहे. शेवटी एक ओळ होती, सासूबाईंच्या वारंवार झालेल्या निधनाबद्दल आम्हाला दुःख आहे. दामिनीनं ती ओळ दोनदा वाचली. त्या साइटवर एक तरी शहाणा माणूस होता तर.

तिनं हात पुढं केला. “पावती.”

पावती मिळाली. शाळा सुटल्यावर ती चंद्रपूरला गेली आणि ऑटोत गंज मांडीशी धरून घरी आली. रस्ताभर तो खड्ड्याखड्ड्यावर घणघणत होता आणि तिला ते फार गोड वाटत होतं.

शुक्रवारी ताराबाई आली. आल्या आल्या तिनं बोटाच्या पेरानं गंज वाजवून पाहिला, आत डोकावून कल्हईत आपलं तोंड पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मग कोपऱ्यात बंद कॉम्प्युटरसमोर बसलेल्या जावयाकडं तिचं लक्ष गेलं.

“जवाई काऊन असे बसले व? कोणी गेलं काय?”

“नाई माय,” दामिनी म्हणाली. “आता कोणी जात नाई.”

ताराबाईला काही कळलं नाही. तिनं लुगड्याच्या पदराची चुंबळ केली आणि बसची वेळ झाली म्हणून घाई लावली. दामिनीनं रजा टाकली होती. लग्नाला ती आईबरोबरच निघाली. सुरेंद्रला तिनं चल म्हटलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. दारापर्यंत मात्र तो आला. दोन दिवसांत त्याची दाढी वाढली होती.

“दामिनी, तू शिकवते. खरं सांग, त्या निरोपात माह्यं का चुकलं?”

दामिनी थांबली. वर्गात थांबायची तशीच. “गंज कशावर चढते?”

“चुलीवर,” सुरेंद्र म्हणाला. “हे का इचारणं झालं? आखीन कशावर चढन?”

“बराबर सांगितलं जवायानं,” ताराबाई म्हणाली.

पोरांना दामिनी या उत्तराला अर्धा गुण द्यायची. नवऱ्याला तिनं तोही दिला नाही. गंजाची एक कडी आईच्या हातात दिली, दुसरी स्वतः धरली आणि दोघी पायऱ्या उतरू लागल्या.