पट्टीवरचा हिरवा

"आजही हिरवा येत नाहीये," दार उघडताच मॅडम म्हणाल्या. मग प्रिंटरपाशी कोण उभं आहे ते पाहून त्या थबकल्या. "तुम्ही कशाला आलात? अजून आठवडाही झाला नाही."

"घरी बसून काय करू?" तिने हातमोजे चढवले.

ती या प्रयोगशाळेत अकरा वर्षं मदतनीस होती. इथे रंग न वापरता रंग छापत. पाण्यात कालवलेले, डोळ्यांना न दिसणारे मणी कागदावर नीट ओळीने बसले, की उजेडच त्यांच्यावरून रंगीत होऊन परते. फुलपाखराच्या पंखावर होतो तसा. ओळ बिघडली की नुसता पांढुरका डाग.

अशीच एक निळी पट्टी तिने नवऱ्याला नेऊन दाखवली होती. कापड रंगवायच्या कारखान्यात सव्वीस वर्षं भुकटी कालवून त्याच्या छातीचा पार खुळखुळा झाला होता. पडल्यापडल्याच त्याने पट्टी तिरकी करून पाहिली.

"यात भुकटी नाही?"

"मणी आहेत. कोरडे होऊन उडाले तर तेही छातीत जातील. म्हणून ओलेच ठेवतो."

"एवढी अक्कल आमच्या साहेबाला असती तर," तो म्हणाला, आणि हसता हसता खोकत राहिला.

गेल्या गुरुवारी तो गेला. ती रडली नाही. लोक म्हणाले, बाई मोठी धीराची. धीरबीर काही नव्हता. कानांत दडे बसल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

तिने प्रिंटरचं तुंबलेलं तोंड साफ केलं. मणी घाईने वाळत होते, म्हणून कागदाखालच्या तापत्या तव्याची ऊब दोन अंशांनी उतरवली. तिसरी पट्टी हिरवी निघाली.

मॅडमनी ती खिडकीशी धरली. "वर्षभर याच्याच मागे होतो आपण. बघा तरी."

"हिरवा आहे," ती म्हणाली, आणि भांडी धुवायला वळली.

संध्याकाळी घरी नणंद बादलीपाशी बसली होती. "वहिनी, दादाचे कामावरचे शर्ट कुणाला तरी देऊ म्हणून धुतले. सात पाण्यांतून काढले, तरी रंग सुटतोच आहे."

"द्यायचे नाहीत. वाळत घाल."

शर्ट दोरीवर गेले. खालच्या पांढऱ्या फरशीवर निळसर थेंब पडू लागले. नणंद फडकं घेऊन वाकली.

"पुसू नको," ती म्हणाली, आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.