एका खेपेचं धान

दुधराम आणि भैयाजी ह्या सख्ख्या भावांची वाटणी झाली तेव्हा त्यांनी बैलजोडीसुद्धा फोडली. एक बैल ह्याला, एक त्याला. एका बैलानं नांगर ओढला जात नाही हे तिरोड्यापासून बोदलकशापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण शहाणपण चाललं असतं तर भांडण झालंच नसतं. नांगरणीच्या दिवसांत दोघेही लोकांच्या दारोदार दुसरा बैल मागत हिंडले. एकमेकांचा काही मागितला नाही.

बायकांनीही बोलायचं नाही, एकमेकींचा उंबरा ओलांडायचा नाही, असं दोन्ही घरांत बजावलं गेलं. वाटायची राहिली ती फक्त ढेकी. दोन घरांच्या मधल्या सपरीत, सामाईक छपराखाली, ती रोवलेली होती आणि तिच्यावर धान कांडल्याशिवाय दोन्ही चुलींवर भात चढत नव्हता. शिवाय ढेकीला बायका लागतात दोन. एकीनं शेपटावर पाय देऊन लाकूड उचलायचं, दुसरीनं पुढे उखळापाशी बसून, मुसळ वर गेलं की हातानं धान फिरवायचं. तेव्हा नाइलाज म्हणून सकाळी दोन्ही जावांना सपरीत जायची मुभा होती.

ह्या नाइलाजावर नंदाबाई जगत होती. ती दुधरामची बायको, धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिला पेजसुद्धा धड शिजवता येत नव्हती. सासू आधीच गेलेली. भैयाजीच्या बायकोनं, रुख्मानं, तिला हाताला धरून सगळं शिकवलं, तिची दोन्ही बाळंतपणं काढली. नंदाबाई तिला बाई म्हणे आणि पोटातलं सगळं तिलाच सांगे. ढेकीच्या ठोक्याआड माहेरच्या गोष्टी होत, नवऱ्यांच्या तक्रारी होत, मधूनच हसूही फुटे. घरातून कोणी खाकरलं की दोघी गप्प, आणि ढेकी जरा जास्तच जोरात.

सत्तावन्न साली गावात विकास खंडाची सरकारी जीप आली. सहकारी सोसायटी निघाली, आणि वर्षाच्या आत सोसायटीनं गावाबाहेर टिनाच्या शेडमध्ये डिझेलवर चालणारं, धान भरडायचं हलर बसवलं. उद्घाटनाला साहेब म्हणाले, आजपासून तुमच्या बायाबहिणींचे कष्ट संपले. नंदाबाईनंही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोला, तिचे गुडघे उठताबसता कुरकुरत होते, आणि कधी नव्हे ते सरकार तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत होतं. टाळी वाजवता वाजवता तिच्या लक्षात आलं की ढेकी गेली म्हणजे बाईही गेली. तिचे हात खाली आले.

आणि झालंही तसंच. त्याच आठवड्यात भावांनी शालीकराम सुताराला बोलावलं आणि ढेकीचं लाकूड मधोमध कापून घेतलं. मुसळाकडचं तोंड भैयाजीला, शेपूट दुधरामला. शालीकराम म्हणाला, "सागाची ढेकी हाय गा, पिढीभर टिकली असती. कायले कापता?"

नंदाबाई दाराआड उभी राहून करवतीचा आवाज ऐकत होती. रुख्माही पलीकडच्या दाराआड उभी असणार हे तिला माहीत होतं.

सोसायटीनं डिझेल वाचवायला आठवड्याचा एकच दिवस ठेवला, बुधवार. दुधराम चरफडला, पण सोसायटीपुढे त्याचं काय चालणार? पहिल्या बुधवारी त्यानं धानाची टोपली बायकोच्या डोक्यावर ठेवली आणि सांगितलं, "ते तिकडची आली असंन तं दूर बसजो. तोंडातून शब्द काढू नोको. माह्या कानावर आलं तं पुढच्या बुधवारपासून मीच जाईन."

नंदाबाई शेडमध्ये पोचली तेव्हा रुख्मा टोपली समोर ठेवून बसलेलीच होती. नंदाबाई इकडेतिकडे पाहत तिच्या समोर टेकली. छोटेलाल मिस्तरीनं इंजिन सुरू केलं, आणि दुधरामचा हुकूम मोडायची सोयच उरली नाही. सगळं शेड थरथरत होतं, स्वतःचं खोकणंही ऐकू येत नव्हतं. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसल्या.

तेव्हा नंदाबाईला कळलं की वाटणी झाल्यापासून तिनं बाईचं तोंड नीट पाहिलंच नव्हतं. ढेकीवर तिला दिसे ती उखळावर वाकलेली पाठ आणि डोक्यावरचा पदर. आता दिवसाउजेडी समोर बसलेल्या बाईचे गाल आत गेले होते, कानाजवळचे केस पांढरे झाले होते. बाई म्हातारी होऊन राहिली, आणि आपण मधे एक भिंत ठेवून दिवस मोजत बसलोय.

त्यांची पाळी आली. छोटेलालनं दोन्ही टोपल्यांत डोकावून नाक मुरडलं आणि नंदाबाईच्या कानाशी येऊन ओरडला, "इतने धान में हलर आधा भी नहीं भरेगा. चावल टूटेगा. दोनों का मिला दो."

रुख्मानं घाबरून मान हलवली. नाही म्हणून. तिच्या टोपलीत बारीक, वासाचा चिन्नोर होता, नंदाबाईच्या टोपलीत जाडी लुचई. नवऱ्यांनी लाकडाचा ओंडका एकत्र ठेवला नाही, आणि दोन घरांचं धान एका यंत्रात गेलं तर ते पुन्हा वेगळं कोण करणार? घरी कळलं तर बुधवारही जाणार. नंदाबाईला हे सगळं कळत होतं. आपल्या घरी काय होईल ते होवो, पण बाईच्या घरी कणी नेऊ द्यायची नाही, असं मनात आलं आणि तिनं टोपली उचलून हलरात ओतली. मग रुख्माची उचलली आणि तीही ओतली.

तांदूळ दोन टोपल्यांत निम्मा-निम्मा भरून दोघी निघाल्या. इंजिनाचा आवाज मागे पडला तशी रुख्मा थांबली.

"किती वाळली वो तू, नंदा."

"तू बी, बाई."

एवढंच बोलल्या. पाटाच्या वळणावर माणसं दिसली आणि दोघी अंतर ठेवून चालू लागल्या.

संध्याकाळी नंदाबाईनं भात टाकला तो व्हायचा तसाच झाला. बारीक दाणा गळला, जाडा कच्चटच राहिला. दुधराम जेवायला बसला. पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबला. नंदाबाईनं उलथणं घट्ट धरलं.

त्यानं ताट नाकाजवळ नेलं. तळ्याखालच्या बांधीत त्याचा बाप चिन्नोर लावत असे. ती बांधी वाटणीत भैयाजीकडे गेली, आणि तेव्हापासून ह्या घरात तो वास आला नव्हता.

"हे तांदूळ कोनाचे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अर्धे आपले. अर्धे तिकडचे, भासऱ्याचे," ती म्हणाली. "टोपलीभर धानानं हलर भरत नोहोतं. मीच ओतले. बाई नाईच म्हनत होती."

खाली मान घालून दुधरामनं सगळं ताट संपवलं, कच्च्या दाण्यांसकट, आणि ताट पुढे केलं. तिनं पुन्हा भात वाढला. तोही त्यानं संपवला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं मिरचीच्या नावावर खपवलं. मिरची ताटात तशीच पडली होती, पण नवऱ्याला प्रत्येक वेळी उघडं पाडू नये हे बाईनंच तिला शिकवलं होतं.

हात धुऊन झाल्यावर तो ओसरीवरून म्हणाला, "भाऊ अजून त्या बांधीत चिन्नोरच लावते?"

"मले काय मालूम? तुमीच म्हनलं, बोलू नोको."

बाहेर दुधरामनं खाट ओढली. मग म्हणाला, "पुढच्या बुधवारी इचारजो."

"इंजिनापाशी काईच आयकू नाई येत."

"मंग रस्त्यानं इचारजो," दुधराम म्हणाला. "संगंच जाजा दोघी."