कर्ण्यातला ओंकार

अठ्ठ्याऐंशी साली विक्रोळीच्या एका चाळीत ॐ प्रगटला, तो थेट लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून. "ममममम..." अखंड. सगळी चाळ अंगणात लोटली. कुणी कर्ण्याला हार घातला, कुणी त्याच्यापुढे नारळ फोडला.

कर्णा होता लाउडस्पीकरवाल्या धोंडूचा. तो वारला त्याला पाच दिवस झाले होते. भजनाची कॅसेट लावायला नंदकिशोरबुवा आले आणि कर्णा घुमू लागला.

"धोंडूचा आत्मा विजेच्या तारेतून ब्रह्मांडाकडे निघालाय," बुवा डोळे मिटून म्हणाले.

"तीन दिवस झाले की," शेजारचा काशीराम म्हणाला.

"ब्रह्मांड लांब आहे."

घुमणं थांबेपर्यंत धोंडूच्या बायकोने अन्न घेतलं तर आत्मा मागे ओढला जाईल, असंही बुवांनी बजावलं होतं. मधुमेही शेवंती दोनदा चक्कर येऊन पडली, पण पेजेची वाटी परत करी. "तुझो बापूस बोलता गो. मी कशी जेवू?"

तिच्या लेकीला, सुगंधालाही, क्षणभर तसंच वाटलं होतं. पण बाबा मुळात कमी बोलत. तीन दिवस एकाच सुरात बोलणं त्यांना जमलंच नसतं.

ती तार धरून चालत गेली. कॅसेटप्लेअरचा प्लग काशीरामकडे, ॲम्प्लिफायरचा मीटरखोलीत, आणि मध्ये नुसती तार. बाबा तिथे नेहमी जोडत ती डबी नव्हती.

"सहदेव, इथली पत्र्याची डबी कुठाय?"

बुवांचा चेला सहदेव भाबडा होता. "बुवांच्या झोळीत. ती काढली की ॐ येतो ना."

"हात लावू नकोस, भस्म होशील," बुवा म्हणाले. सुगंधाने झोळीतून डबी काढून तारेत जोडली. घुमणं गेलं, भजन स्वच्छ ऐकू आलं.

"आत्मा पोचला," बुवांनी हात जोडले.

तिने डबी काढली. "ममममम..."

"परत आला रे," पोरं ओरडली. डबी घातली. "गेला." काढली. "आला." हसून हसून काशीरामला ठसका लागला. बुवा चपला शोधू लागले.

"हा ट्रान्सफॉर्मर," सुगंधा म्हणाली. "प्लेअर गाणं एका तारेवर देतो, ॲम्प्लिफायर दोन तारांवर घेतो, दोघांचं अर्थिंग वेगळ्या ठिकाणी. सरळ जोडले तर वीज तारेतून गोल फिरते आणि कर्णा घुमतो. डबीत तारेची दोन वेटोळी आहेत. एकमेकांना न शिवता गाणं पलीकडे देतात. बाबा हिला सोवळ्याची डबी म्हणायचे. आवाज आला तर आधी तार बघा, हात मग जोडा."

शेवंती दारात उभी होती. "म्हणजे तो नव्हतो?"

"नाही, आई. बाबा आठ दिवसांपूर्वीच गेले."

शेवंतीने डोळे पुसले, वाटी तोंडाला लावली, आणि थांबली.

"मीठ कमी आसा गो."